त्रेचाळीस प्रश्नचिन्हं

प्रयोगशाळेत तिला सगळे 'तळेबाई' म्हणत. तळ्याच्या पाण्याचं तापमान मोजण्यात तिची चौदा वर्षं गेली होती, आणि त्याआधीची एकोणीस वर्षं तिच्या वडिलांनी त्याच खुर्चीत काढली होती. आता या साऱ्या मोजण्या एका ठरावीक साच्याच्या फाइलीत घालून पाचच्या आत जगभरच्या तळ्यांच्या सामायिक संग्रहाकडे पाठवायच्या होत्या. पाचनंतर दार बंद. म्हणजे बाबांची एकोणीस वर्षं कपाटातच पडून राहणार.

तिची स्वतःची वर्षं साच्यात मुकाट्याने बसली. बाबांची फाइल टाकली की मात्र लाल ओळ: 'इथे संख्या हवी.' सकाळपासून सतरा वेळा! तिने स्वल्पविराम बदलले, तारखा उलट्यासुलट्या केल्या, त्या प्रोग्रॅमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारी दोनला उलगडा झाला. एखादा आकडा मनाला पटला नाही, की बाबा त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढत. '१८.४?' अशी त्रेचाळीस.

चिन्हं पुसणं एका बटणाचं काम. पण मग बाबांची शंका छातीठोक सत्य म्हणून जगभर हिंडणार. शेऱ्याचा रकाना होता, पण त्यात शेरे दोनच चालत: 'योग्य' आणि 'अयोग्य'. तिने घरी फोन लावला.

"बाबा, एकेक वाचते. हो की नाही, एवढंच सांगा."

"असं कसं सांगू गं? त्या दिवशी वारा होता का बघ."

"वारा फाइलीत नाहीये!"

"मग काय डोंबल ठेवलंय त्या फाइलीत?"

प्रत्येक आकड्यामागून एक कहाणी निघू लागली. एकदा होडी हलली होती. एकदा तापमापीवर बेडूक बसला होता.

"बेडूक म्हणजे अयोग्य ना?"

"किती वेळ बसला होता, त्यावर आहे."

"अहो, सांगून टाका एकदाचं!" मागून आईचा आवाज आला. "पोरगी जेवली तरी आहे का?"

पाचला चार मिनिटं उरली तेव्हा सदतीस उरकले होते. उरलेल्या सहांवर तिने दातओठ खात 'अयोग्य' ठोकलं आणि फाइल पाठवली. लाल ओळ आली नाही. 'स्वीकारली' एवढंच उमटलं.

"पोचली, बाबा. सगळी एकोणीस वर्षं पोचली. शेवटचे सहा तेवढे अयोग्य केले."

बाबा फुरंगटून म्हणाले, "त्यातले चार बरोबर होते."

"कुठले चार?"

"तेच तर नक्की सांगता येत नाही!"