ट्रायलचे फोटो

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गेलेल्या माणसांचे फोटो करण्यात पटाईत. स्टुडिओ तसा सगळ्याच कामांचा, लग्नापासून पासपोर्टपर्यंत. पण घरात कुणी गेलं की लोक आधी त्यांच्याकडे धावायचे. भाऊजी कॉम्प्युटरवर नाव टाकायचे, नावापुढे एक तारा लावायचे, की तो माणूस पडद्यावर हजर. तारा म्हणजे नावाच्या पुढे काहीही असो, चालेल. मग भाऊजी मिटलेले डोळे उघडायचे, अंगात कोट चढवायचे, डोक्यामागचा खांब काढून टाकायचे.

फायलींना ही नावं द्यायची ताई. कॅमेरा नुसते आकडे देतो. कोण कुठला हे ती बसून लिहायची. सगळी शोधाशोध तिच्या जिवावर चालायची आणि कौतुक व्हायचं ताऱ्याचं.

ताईचं दुसरं काम म्हणजे गिऱ्हाईक येण्याआधी स्टुलावर बसायचं. दिवे नीट लागलेत का ते बघायला भाऊजी तिचे फोटो काढायचे. हातात एक राखाडी कार्ड द्यायचे. रंग बरोबर येतात की नाही ते त्यावरून कळतं म्हणे. गॅस बारीक करून, ओले हात पुसत ती यायची. "हनुवटी वर. डावीकडे. झालं, ऊठ." त्या फोटोंचं नाव ‘ट्रायल’. त्यांच्यासाठी भाऊजींनी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता: ‘ट्रायल’पुढे तारा, सापडेल ते पुसून टाक. स्टुडिओ बंद करताना तो आपोआप चालायचा.

एकदा ताई माझ्यासमोरच म्हणाली, "अहो, त्यातला एखादा ठेवा की माझा."

"तू कुठे पळून चाललीयस? उगाच जागा खातात."

ताई हसली. मला मात्र संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मग ताई आजारी पडली आणि बघता बघता तिची पार रया गेली. तिच्या लेकीच्या मोबाइलमधले फोटो सगळे तेव्हाचे, केस गेलेले, नाकात नळी. त्याआधी कुणी मोबाइल समोर धरला की ताई तोंड फिरवायची. म्हणायची, घरात फोटोग्राफर असताना हे काय खेळणं! शेवटी शेवटी तिनं बजावलं, "भिंतीवर हा चेहरा लावू नका. धडधाकट होते तेव्हाचा लावा."

"त्याची काळजी तू नको करूस," भाऊजी म्हणाले. "ढीगभर आहेत माझ्याकडे."

ती गेली. भाऊजींनी स्वतःच्या लग्नातला ताईचा फोटो शोधून आणला, तर लेक म्हणाली, "ही मुलगी कोण, मी ओळखत नाही बाबा. मला माझी आई हवीय."

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही तिघं स्टुडिओत बसलो. भाऊजींनी ताईचं नाव टाकलं, पुढे तारा. काही नाही. साऱ्या गावाची नावं लिहिणारीनं स्वतःचं कुठेच लिहिलं नव्हतं. मग त्यांनी ‘ट्रायल’ टाकलं, पुढे तारा. पडदा कोराच. पुसलेल्या जागेवर केव्हाच दुसऱ्यांची लग्नं आणि वाढदिवस चढले होते.

"मीच पुसलेत गं सगळे," भाऊजी लेकीला म्हणाले. मला त्यांची दया आली नाही.

लेकीनं तो प्रोग्रॅम वाचला. "बाबा, हा काय आणि तुमचा शोध काय, दोन्ही फक्त बाहेरच्या फोल्डरमध्ये बघतात. आतल्या फोल्डरांमध्ये उतरतच नाहीत." तिनं पुसायची ओळ काढून टाकली, शोधायची ओळ आतपर्यंत उतरेल अशी बदलली आणि तो पुन्हा चालवला.

एक सापडला. कुणा पेन्शनवाल्याच्या फोल्डरात, आणखी एका फोल्डराच्या आत, ताईच्या हातून घाईत पडलेला. दाट केस, कपाळ, डोळे, सगळं तब्येतीतलं. नाकाखाली मात्र राखाडी कार्ड. कार्ड वर घे म्हटलं असेल, तिनं घेतलं असेल.

"कार्ड काढा ना बाबा. लोकांचे खांब काढता की तुम्ही."

भाऊजींनी कार्ड पुसलं. लग्नातल्या फोटोतले ओठ आणून लावले, ते जमेनात. मग स्वतः काढले, खोडले, पुन्हा काढले. प्रत्येक वेळी कुणी परकीच बाई आमच्याकडे बघायची. ऊन उतरलं तसे त्यांनी माऊस सोडून दिला.

"तिथं बसली की हसायची का गं ती?" त्यांनी मला विचारलं. "मला आठवतच नाही. मी कार्डाकडे बघत असायचो."

इतकी वर्षं त्यांना सुनावायचं म्हणून साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. सांगण्यासारखं माझ्याकडे तरी काय होतं? ती स्टुलावर बसायची तेव्हा तिच्यासमोर फक्त भाऊजीच असायचे.

भिंतीवर ताई आहे ती कार्डासकट. नवं कुणी आलं की विचारतं, यांनी तोंडापुढे हे काय धरलंय? लेक सांगते, रंग बरोबर यावेत म्हणून. तोवर भाऊजी उठून आत गेलेले असतात.