आधी औषध, मग परवानगी

लोणी काळभोरजवळ टेम्पोने माझ्या स्कूटरला धडक दिली, त्यातलं मला काहीच आठवत नाही. नीट शुद्धीवर आलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता, डोक्याला पट्टी होती आणि पडद्यापलीकडे माझ्याविषयी बोलणं चाललं होतं.

एक तरुण डॉक्टर माझ्या थोरल्या भावाला सांगत होती की, मला बेशुद्ध अवस्थेत आणल्यावर नेहमीच्या उपचारांबरोबर एका संशोधनातलं इंजेक्शन दिलं होतं. आता माझी माहिती त्या संशोधनात वापरायला परवानगी हवी होती; नको असेल तर नाव काढता येणार होतं.

"त्याला कशाला त्रास? द्या इकडे, मी सही करतो. नाव काढून टाका त्याचं," दादा म्हणाला. आमच्या घरात आजारी माणसाला सोडून बाकी सगळ्यांना सगळं सांगायची पद्धत आहे.

"दादा, मी जागा आहे. डॉक्टर, आत या."

ती आत आली. मागोमाग दादा आणि माझी बायको.

"काय दिलंत मला?"

"रक्तस्राव लवकर थांबवणारं औषध, नाहीतर नुसतं सलाइन. कोणाला काय मिळालं, ते संशोधन संपेपर्यंत आम्हालाही कळत नाही, काका."

"म्हणजे मीठपाणी?" बायको कडाडली. "आणि विचारलंत कोणाला?"

"कोणालाच नाही, काकू. ते बेशुद्ध होते, आणि तुम्ही बिबवेवाडीहून पोचेपर्यंत औषधाची वेळ टळली असती. अशा रुग्णांसाठी संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीची आधीच मंजुरी घेतलेली असते. बाकीचे उपचार पूर्ण दिलेत."

मला राग आला होता. माझ्या शरीरात काय गेलं, हे मला सर्वांत शेवटी कळत होतं. विचार करायला मी एक दिवस मागून घेतला.

आमच्या सोसायटीत एकदा पाण्याबद्दल सगळ्यांची मतं मागवली होती. वैतागलेल्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि पाणी उत्तम असल्याचा निष्कर्ष निघाला. इथेही चिडलेले सगळे बाहेर पडले, तर उरलेल्यांच्या आकड्यांवरून औषधाबद्दल काय कळणार? रस्त्यावर पडलेल्या पुढच्या माणसालाही विचारायला वेळ नसणारच. निदान त्याला काय द्यायचं, ते तरी डॉक्टरांना ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरला म्हणालो, "माझी माहिती वापरा. पण रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारायचं, मग नातेवाइकांना. हे मी तुमच्या समितीला लेखी कळवणार आहे."

"जरूर कळवा. सहा महिन्यांनी तब्येत विचारायला फोन येईल, काका. कोणाचा नंबर लिहू?"

दादाने सवयीने स्वतःचा नंबर सांगायला सुरुवात केली.

"दादा, पाय माझा मोडलाय," मी म्हणालो आणि माझा नंबर सांगितला.

"मला नाही पटलेलं," बायको म्हणाली.

"नसू दे पटलेलं," मी म्हणालो आणि सही केली.