काठी सिद्धारामच्या कमरेला

धोंडीराम मूळचा मोहोळकडचा. सोलापूरच्या मिलमध्ये सूतखात्यात लागला तेव्हा आपण दोन धोतरं आणि एक भूक घेऊन आलो होतो, असं तो स्वतःच सांगायचा, आणि वर हसून म्हणायचा, "धोतरं फाटली, भूक हाय तशी हाय."

आमच्या गल्लीत तो भाड्यानं राहायचा. अंगानं दांडगा, बोलायला कमी. पण खाण्याचा विषय निघाला की माणूस खुलायचा. सोलापूर त्याला आवडलं ते खाण्यापायी. आठवडाभर मिलच्या भोंग्याबरोबर उठायचं आणि भोंग्याबरोबर परतायचं, पण रविवार त्याचा स्वतःचा. सकाळी अंघोळ करून, केसाला तेल चोपडून, पांढरा सदरा घालून तो सिद्धारामच्या दारात उभा राहायचा आणि हाक मारायचा, "चल की रं!"

सिद्धाराम त्याच्याच खात्यात होता. गल्लीतच जन्मलेला, बाप-आजा सगळे इथलेच. बारीक अंगाचा आणि बोलण्यात पटाईत. धोंडीराम जागा शोधायचा, सिद्धाराम गप्पा पुरवायचा. उडप्याच्या हॉटेलात कुठल्या टेबलाला वारा लागतो, सावजी खानावळीत मटणाचा रस्सा कधी ताजा असतो, हे धोंडीरामला ठाऊक. कडक भाकरी रश्श्यात चुरून दोघं नाकाला पाणी येईपर्यंत जेवायचे आणि बाहेर पानाच्या ठेल्यावर तासभर उभे राहायचे. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की रोज संध्याकाळी होम मैदानावर. पाळण्यात बसायचं ते सिद्धारामनं, आणि खाली उभं राहून भजी खायची ती धोंडीरामनं.

पुढं स्टेशनाजवळ परमिट रूम निघाली. बाहेर लाल अक्षरात 'वाईन्स' लिहिलेलं, पण आत वाइन कधी कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी दोघं तिथं बसून एकेक बियर घ्यायचे, खारे शेंगदाणे खायचे आणि बडीशेप चघळत घरी यायचे. धोंडीराम लपवायचा नाही. सिद्धाराम मात्र गल्लीच्या तोंडाशी आला की धोंडीरामच्या पुढं दहा पावलं चालायचा.

धोंडीरामची बायको गोजरबाई दर रविवारी विचारायची, "हाटेलात बायका बसत्यात का?"

"बसत्यात की. पडदा लावल्याली फॅमिली रूम असती."

"मग?"

"नेतो की एकदा."

ते 'एकदा' काही येत नव्हतं.

गल्लीच्या मध्यावर बसवण्णाचं छोटं देऊळ आहे. चैत्रात त्याची जत्रा भरते, आणि जत्रेत काठी निघते. दोन मजल्यांएवढा उंच वेळू, त्याला फुलांचे हार, टोकाला पितळी कळस. कमरेच्या चामडी पट्ट्यात बुंधा रोवून ती एकट्यानं तोलत देवळापासून वेशीपर्यंत न्यायची. काठी कुणी धरायची ते पंच ठरवतात. ज्याचं नाव ठरलं त्यानं आणि त्याच्या जोडीला राहणाऱ्यानं पाडव्यापासून नेम पाळायचा. मांस नाही, दारू नाही, आणि जिथं या गोष्टी मिळतात तिथली पायरीसुद्धा चढायची नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. पंचांमधले वडीलधारे गुरुसिद्धप्पा देवळाच्या ओट्यावर म्हणाले, "औंदा काठी मोहोळच्या पावण्याला."

"पावना कशाला म्हनतासा, अप्पा?" धोंडीराम म्हणाला. "बारा वर्सं झाली की."

"म्हनून तर देतोय," गुरुसिद्धप्पा हसले.

जोडीला सिद्धारामचं नाव ठरलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री धोंडीराम जेवला नाही, असं गोजरबाईनं सांगितलं. एवढा खाणारा माणूस, पण आनंदानं घासच उतरेना. तिनं स्वतःच्या हातानं त्याची पांढरी बाराबंदी शिवली.

रोज संध्याकाळी देवळामागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू झाला. धोंडीराम काठी घेऊन उभा राहिला की कळस हलायचा नाही. नेमाच्या दिवसांत त्यानं खानावळीचा रस्ताच सोडला. वास आला तर मन चळेल, म्हणून मिलमधून लांबच्या वाटेनं घरी यायचा.

जत्रा चार-पाच दिवसांवर आली असताना सिद्धाराम सरावाला आला नाही. थोड्या वेळानं त्याची आई पार्वतम्मा डोक्यावरचा पदर सावरत आली आणि तिनं धोंडीरामला बाजूला घेतलं.

"धोंडीरामा, त्यो तितंच गेलाय. स्टेशनाकडं. दुपारपासनं घरात न्हाय."

"अव्वा, नेम हाय की त्येला."

"म्हनून तर तुला सांगतीया. दुसऱ्या कुनाला सांगू? पंचांच्या कानावर गेलं तर माझं पोर तोंड कुटं दाखवंल? तू आन त्येला."

धोंडीराम गेला. परमिट रूमबाहेर बराच वेळ उभा राहिला. वेटरकरवी आत निरोप दिला. वेटर परत येऊन म्हणाला, "उठत नाहीत. रडतायत." दिवस मावळायला आला होता, अजून थोड्या वेळानं मिलची पाळी सुटून ओळखीची माणसं रस्त्यावर येणार होती. धोंडीराम पायरी चढला.

सिद्धाराम कोपऱ्यात डोकं टेकून बसला होता. धोंडीरामला बघून म्हणाला, "माझ्या बापानं धरल्याली काठी. आज्यानं धरल्याली. मी हितला. आन मान तुला?"

"म्हनून नेम मोडलास?"

"व्हय, मोडला."

"ऊठ. पुढल्या साली तूच धरशील. मी अप्पांना सांगीन. ऊठ आता."

त्यानं सिद्धारामला बखोटीला धरून उठवलं, नळावर त्याचं तोंड धुतलं आणि मागच्या बोळानं घरी पोचवलं. पार्वतम्मानं धोंडीरामच्या पाठीवरून हात फिरवला. "देव तुझं बरं करंल," म्हणाली.

पण तो पायरी चढताना आमच्या गल्लीतल्या एकानं सायकलवरून पाहिलं होतं. एकट्या धोंडीरामला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच ओट्यावर बसले. निम्मी गल्ली गोळा झाली होती. आम्हीही होतो. गुरुसिद्धप्पांनी सरळच विचारलं, "धोंडीराम, काल तू स्टेशनाजवळच्या त्या जागेत गेलतास?"

"व्हय. गेलतो."

"प्यायला?"

"न्हाय अप्पा. बसवण्णाची आन."

"मग कशाला?"

धोंडीरामनं मान वळवून सिद्धारामकडं पाहिलं. त्या पाहण्यात काळजी नव्हती. आता हा सांगेल आणि विषय संपेल, एवढाच भरवसा होता.

"सिद्धारामला इचारा," तो म्हणाला. "त्यो सांगंल."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. सिद्धाराम पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"मला काय म्हाईत?" तो म्हणाला. "मी काल घरात व्हतो. ताप आलता."

मग त्यानं स्वतःहून, कुणी विचारलं नसताना, पुढं जोडलं, "तसा त्यो जातोच की तितं. सवय हाय त्येला."

"सिद्धाराम," धोंडीराम म्हणाला, "माझ्याकडं बघून बोल."

सिद्धारामनं मान वर केली नाही. धोंडीरामनं मग खांबाआड बसलेल्या पार्वतम्माकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"काय सांगायचं आसल तर आत्ता सांग," गुरुसिद्धप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर विनवणी होती.

धोंडीराम उभा राहिला. "मला काय सांगायचं न्हाय," तो म्हणाला आणि घराकडं चालू लागला.

नेम म्हणजे नेम. काठी जोडीदाराला, सिद्धारामला गेली.

जत्रेच्या संध्याकाळी गल्लीत हलगी वाजायला लागली. धोंडीराम घरात भिंतीला टेकून बसला होता. एकाएकी उठला आणि गोजरबाईला म्हणाला, "लुगडं बदल. हाटेलात जाऊ."

"आज? जत्रा सोडून?"

"आजच."

उडप्याच्या फॅमिली रूममध्ये दोघं समोरासमोर बसली. पडदा सारून ओळखीचा वेटर आत डोकावला आणि म्हणाला, "आज जोडीदार कुठाय?" धोंडीरामनं दोन डोसे सांगितले. डोसे आले. गोजरबाई कडेकडेनं तोडून चवीनं खात होती. धोंडीरामनं एक घास मोडला तो हातातच राहिला. तेव्हा कुठं तो बोलला. बोळ, नळ, पार्वतम्मा, सगळं सांगितलं.

"मग पंचांपुढं बोलला का न्हाईसा?"

"मी बोललो असतो तर ती चहाडी झाली असती. त्यानंच सांगाय पायजे व्हतं."

गोजरबाईनं ताटली बाजूला केली. "इतकी वर्सं त्येला नेलंसा," ती म्हणाली. "मला आज आनलंसा, तेबी त्यो न्हाय म्हनून. मी कधी कुनाला काय बोलले का?"

हे सगळं पुढं गोजरबाईनंच आमच्या घरी बसून सांगितलं. तिला तो डोसा आवडला होता, हेही सांगितलं, थोडी लाजून.

काठीचं म्हणाल तर सिद्धारामनं ती चांगली धरली. सांगायला वाईट वाटतं, पण कळस एकदाही कलला नाही. लोकांनी त्याच्यावर खोबरं उधळलं. देवानं काही केलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी पार्वतम्मा पाण्याच्या नळावर गोजरबाईजवळ रडली. "माझ्या पोराची लाज राखायची व्हती गं," म्हणाली. अशा गोष्टी नळावरून गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही. गुरुसिद्धप्पा स्वतः धोंडीरामच्या दारात आले. "चूक झाली आमची," म्हणाले. "पुढल्या साली तूच धर."

"न्हाय अप्पा. तुमी इचारलंसा, त्येच लई झालं," धोंडीराम म्हणाला, आणि त्यांना आत बोलावून चहा पाजला.

सिद्धारामही आला, एका रविवारी. सकाळची वेळ. धोंडीराम सवयीनं केसाला तेल लावत होता. सिद्धाराम उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि काहीच घडलं नसल्यासारखा म्हणाला, "चल की रं. खानावळीत आज ताजं हाय म्हनं."

"माझं जेवन झालंय," धोंडीराम म्हणाला.

सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.

दिवाळीनंतर त्यानं मिल सोडली. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर कामाला लागला आणि खोलीही तिकडंच घेतली. जाताना गल्लीत सगळ्यांना भेटला, एक दार सोडून. आम्ही विचारलं, "आता रविवारी कुठं?" तर म्हणाला, "बघू. बायकोला इचारतो."

पुढच्या गड्ड्यात गोजरबाई आमच्या बायकांना होम मैदानावर भेटली. हातात नव्या बांगड्या होत्या. तिनं सांगितलं, पाळण्यांपाशी लांबून सिद्धाराम दिसला. पोराबाळांत उभा होता, हातवारे करून कसलीतरी गंमत सांगत होता. धोंडीरामनं पाहिलं आणि बायकोचा हात धरून दुकानांमधल्या दुसऱ्याच बोळात शिरला.

"राग आला असंल अजून," आमच्यातली एक म्हणाली.

"राग न्हाय," गोजरबाई म्हणाली. "मी इचारलं त्यास्नी. म्हनले, त्यानं बघितलं असतं आन हसला असता, तर मीबी हसलो असतो, म्हनून आदीच वळलो."