वरचा हुकूम

"हुकूम हाय, भाऊ," असं म्हणून अण्णा ब्रेक दाबायचे. गाडी विनाथांबा, आत सगळ्यांना घाई, आणि रस्त्याच्या कडेला हात केलेली एखादी म्हातारी. मी चिडून विचारायचो, "कुठला हुकूम? डेपोचा?" अण्णा एक बोट टपाकडे करायचे. "वरचा."

मी त्यांचा कंडक्टर. श्रीगोंदा-नगर रस्त्यावर आम्ही कितीतरी वर्षं जोडीनं काढली. तऱ्हेवाईक ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील, पण गाणारा क्वचितच. अण्णा उपासनेतली भजनं मोठ्यानं म्हणत गाडी हाकायचे. भेटेल त्याला "सलाम" म्हणायचे, म्हणून नवे प्रवासी त्यांना मुसलमान समजत. "ख्रिस्ती हाय बाबा, हितलाच," हे सांगताना त्यांना भारी गंमत वाटायची. शनिवारी शिंगणापूरला निघालेल्यांना मात्र दम भरायचे, "तेल सांडू नका, माझा पाय घसरंल."

मग त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. उसाची ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, आणि ट्रॅक्टरवाला मदत आणायला गेलेला. पोराची मोटरसायकल अंधारात तिच्यावर आदळली. अण्णा कामावर परत आले, पण त्यांचं गाणं बंद झालं.

तो ट्रॅक्टरवाला आमच्याच रस्त्यावरच्या एका फाट्यावर राहायचा. जामिनावर सुटल्यावर तो आमच्या गाडीला हात करू लागला. अण्णांनी त्याला ओळखलं आणि गाडी तशीच पुढे काढली. मी सवयीनं बेल मारली तरी थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगतो, मला ते आवडलं होतं.

"बरं केलंत," मी म्हणालो.

"काय बरं? वैऱ्याला जवळ कर, असा हुकूम हाय. म्हातारीसाठी थांबतो त्यात माझं काय जातं? हितं पायच ब्रेकवर जाईना."

पुढे एका सकाळी गाडी त्या फाट्यावर थांबली. दार उघडून तो माणूस चढू लागला, ड्रायव्हरचा चेहरा दिसला तसा मागे सरकला.

"चढ," अण्णा म्हणाले. "गाडीला उशीर हुतोय."

नगरला गाडी रिकामी झाली तेव्हा अण्णा स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. मग माझ्याकडे वळले तर चक्क हसत होते. "भाऊ, थांबलो आन् सुटलो बघा! इतके दिस त्यो न्हाई, मीच त्या फाट्यावर हुबा हुतो." परतीच्या वाटेला ते पुन्हा गायले. बेसूरच गायले, आणि तिकिटं काढताना माझे डोळे भरून येत होते.

वहिनींना मात्र हे सोसलं नाही. "माझं लेकरू खाल्लं त्यानं, आन् तुमी त्याला बसवून नेता?" त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं, डबाही बंद केला. माझ्या डब्यातली भाकरी मोडत अण्णा म्हणायचे, "तिचं बी खरं हाय. हुकूम मला झालाय, तिच्यावर मी कसा चालवू?" तिचंही मन असंच मोकळं व्हावं, एवढीच त्यांची आस होती. ते बघायला ते राहिले नाहीत. गेल्या हिवाळ्यात छातीत कळ आली आणि गेले.

दफनाच्या वेळी पेटी खाली उतरवली, लोक एकेक मूठ माती टाकत होते. ट्रॅक्टरवाला कबरस्थानाच्या दाराबाहेर उभा होता. वहिनींनी त्याला पाहिलं. आता या ओरडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"भाऊ, त्याला ये म्हनायला माझी जीभ उचलत न्हाई. तुमी म्हना."

मी जाऊन त्याला आत आणलं. त्यानं माती टाकली आणि तिथंच उभा राहून तो हुंदके देऊ लागला. वहिनींनी तोंडावर पदर घेतला, पण त्याच्या शेजारून त्या हलल्या नाहीत.