दार न उघडणारी बाई

शिरूर कासारच्या वाचनालयातल्या त्या कथासंग्रहाला मुखपृष्ठ नव्हतं. सुरुवातीची पानंही गळालेली, त्यामुळं तो कुणी लिहिलाय हे सांगता येत नव्हतं. बारावीची परीक्षा संपल्यावर स्वप्नालीनं तो वाचला, आणि त्यातली एक कथा तिला सोडीना.

कथा एवढीच. दुष्काळात परागंदा झालेला मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो, दार वाजवतो. आत आई भाकरी करत असते. आवाज ओळखते, उठत नाही. भाकरी भाजते, बसून पोटभर खाते. सकाळी दारात कुणी नसतं. तिनं दार का उघडलं नाही, ते लेखक सांगत नाही.

पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठानं प्रवेशासाठी निबंध मागवला होता : तुम्हाला अस्वस्थ करणारी साहित्यकृती. मराठीत चालणार होता. निवड झाली तर शिक्षण आणि राहणं फुकट. नाही झाली तर पुणं संपलं, कारण ऊसतोडीवर जगणारे तिचे आईबाप तिला तिथं स्वतःच्या बळावर ठेवू शकत नव्हते.

स्वप्नालीनं या कथेवर लिहिलं. अंगद सरांना दाखवलं. सर मराठी शिकवायचे, तेही ऊसतोड मजुराचंच पोर.

"स्वप्ने, यात तू कुठं हायस?"

"सगळीकडं हाय की, सर."

"आन् आई? उसाचा फड? राहायची पाचटाची कोपी? अगं, ती माणसं तेच वाचायला बसलीत. दोन पानं रडव त्यांना, जागा तुझी."

"त्यांनी पुस्तकाचं इचारलंय."

"इचारायचं असतं तसं. मी बी असंच लिहून पुढं आलो. लाज वाटती का?"

"लाज न्हाई, सर. पण डॉक्टरच्या पोरीनं पुस्तकावर लिहिलं तर चालतं. मंग मीच कावून आईवर लिहू?"

सर चिडून हसले.

घरी तिनं निबंध आईला वाचून दाखवला. सत्यभामा ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही.

"जेवली का ती बाई?"

"जेवली. पोटभर."

"मंग बरुबर हाय. उपाशी असती तर उठली असती." एक खडा वेचून टाकत म्हणाली, "आमी बी फडावर निघताना ट्रॅक्टरात गावाकडं पाठ करूनच बसतो, सगळ्या बाया. तू आजीच्या कडेवर बोंबलायचीस. एकदा बी वळून पाह्यलं न्हाई मी. पाह्यलं असतं तर उतरले असते."

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली हे सरांजवळ बोलून गेली. सर उभेच राहिले.

"हे निबंधात टाक! याच्यापुढं कुणी न्हाई म्हणणार न्हाई."

"ते आईचं हाय, सर."

"मग तिला इचार."

"इचारलं तर ती हो म्हणंल. म्हणूनच इचारायचं न्हाई."

निबंध होता तसा गेला. मुलाखत फोनवर होणार होती. रेंजसाठी ती शाळेच्या गच्चीवर बसली. पलीकडच्या बाई गोड होत्या.

"स्वप्नाली, अर्जात तुम्ही पालकांचा व्यवसाय ऊसतोड लिहिलाय. निबंधात त्याचं अक्षरही नाही. तुमचं जगणं या कथेशी कसं जोडाल?"

"जोडत नाही, मॅडम. आपण सगळे ही कथा त्या मुलाशेजारी दाराबाहेर उभं राहून वाचतो. आईनं कारण द्यावं म्हणतो. आत चुलीपाशी बसून वाचली तर कारण मागावंसं वाटत नाही, पण भीती जास्त वाटते. माझं म्हणणं त्यावर आहे."

"छान. पण थोडं वैयक्तिक…"

"हे वैयक्तिकच आहे."

निवड झाली नाही. आईला तिनं एवढंच सांगितलं की औंदा जमलं नाही. कडा गावातल्या कॉलेजात तिनं बी.ए.ला नाव घातलं. एसटीनं जायची, यायची. वर्गात त्या कथेवर भांडायची. दोन प्राध्यापकांना तिनं ती वाचायला लावली.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठानं पुन्हा अर्ज मागवले. ती सरांकडं गेली. सरांनी निबंध वाचला, मग पुन्हा वरून वाचला.

"तोच हाय की गं हा."

"तोच."

"पुन्हा न्हाई म्हणतील, पोरी."

"म्हणू द्या. त्यांनी प्रश्न बदलला न्हाई. मी उत्तर कावून बदलू?"

आणि सरांच्या देखतच तिनं तो पाठवून दिला.