विठाचा जळका दिवा

कुंदाताईंनी विठाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतःच्याच गाडीत बसल्या होत्या आणि विठा त्या गाडीच्या हेडलाइटवर ओलं बोट फिरवत होती.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मुकेशशेठ या सिंधी व्यापाऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या दुकानासमोर गाडी उभी होती. ताई कात्रपच्या घरून आल्या होत्या. गाडीला पंधरा वर्षं झालेली, गुरुवारी तिचं पासिंग, आणि दोन्ही हेडलाइट असे पिवळट, धुरकट की आतला बल्बही नीट दिसू नये. या दिव्यांवर गाडी पास होणार नाही, असं एजंटने स्पष्ट सांगितलं होतं. पुण्याहून मुलगा शौनक फोनवर म्हणाला होता, "आई, विकून टाक आता." ताईंनी फोन ठेवून किल्ली घेतली होती.

दुकानाच्या पायरीवर बसलेली एक पन्नाशीची बाई उठली, शेजारच्या बादलीत बोट बुडवलं आणि दिव्यावर आडवी रेघ ओढली. ताईंनी काच खाली केली.

"काय करताय?"

"बगतंय," ती म्हणाली. "पानी लावलं तितकं साफ दिसतंय, म्हंजे खराबी वरची हाय. आतली असती तर वली करून बी तशीच दिसली असती. तुमचे दिवे निघतील."

ताईंनी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दुधी काचेवर पाण्याचा थेंब टाकला की तेवढ्या जागेतून आरपार दिसतं, हा प्रयोग त्यांनी दर वर्षी आठवीच्या वर्गात केला होता. रस्त्यावर तो कुणी उपयोगाला लावलेला त्या प्रथमच पाहत होत्या.

मुकेशशेठ काउंटरवरूनच बोलले, "मॅडम, माझं ऐका, नया मंगवा. जुनं मॉडेल आहे, दस दिन में आ जायेगा."

"गुरुवारी पासिंग आहे."

"मग विठाबाईला बोहनी द्या. आठ दिवस बसली आहे, एक गाडी नाही मिळाली. पायरी घासून घासून माझी पायरी चमकायला लागली."

"शेठ, चमकली ना? मंग मानूस बी येल," विठा म्हणाली.

नवे हेडलाइट विकणाऱ्याच्या दारात जुने हेडलाइट उजळून देणारी बाई कशी, हे ताईंना कळेना. ते त्यांना विठानेच घासता घासता सांगितलं. अंबरनाथला ट्रॉफ्या बनवणारा एक कारखाना होता. ॲक्रिलिकच्या ढाली, स्मृतिचिन्हं, नावाच्या पाट्या. तिथं विठा अकरा वर्षं कडा घासायच्या कामावर होती. पाण्यात भिजवून घासायचा बारीक काचकागद, ज्याला सगळे वॉटर पेपर म्हणतात, तो मालक तिलाच आणायला पाठवायचा, तोही मुकेशशेठकडून. मालकाने कारखाना गुजरातेत हलवला. नवरा हरिचंद्र चिखलोलीला नव्या इमारतींवर वॉचमन आहे. त्या इमारतींपैकी एकीच्या जागी पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. एकाच्या पगारात घर चालेना, तेव्हा विठा शेठकडे आली आणि म्हणाली, मला पायरी द्या. शेठने पंधरा दिवस दिले. अट एकच होती. एक जरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानात आलं, तर त्याच दिवशी उठायचं.

"शाळांच्या ढाली तुम्हीच करायचात का?" ताईंनी विचारलं.

"डिशेंबरात तं चारचारशे. नावं वाचायची नाय आपन. कड बगायची."

तिने दिव्याच्या भोवती कागदी टेप लावली, म्हणजे रंगाला ओरखडा जाऊ नये. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. आधी आडवा हात, पेपर बदलला की उभा. बंपरवरून पिवळं पाणी ओघळलं, मग पांढरं. ताईंना दिवा आधीपेक्षाही वाईट दिसायला लागला. सगळा दुधाळ.

"आता दुधीच दिसनार," विठा म्हणाली. "आता बत्ती."

पिशवीतून तिने हातात मावेल एवढी गॅसची बत्ती काढली. कारखान्यात ढालीची कड घासून झाली की तिच्यावरून एकदा निळी ज्योत फिरवायची. कड वितळून आरशासारखी होते. हात थांबला तर कड जळते, घाईत फिरवला तर दुधीच राहते. अकरा वर्षांत विठाची बत्ती कधी चुकली नव्हती. अवघड ढाली मालक तिच्याचकडे द्यायचा, हे तिने सांगितलं आणि ज्योत लावली.

पहिल्या फेरीला दिवा खरंच लख्ख झाला. विठाने ताईंकडे पाहिलं. दुसऱ्या फेरीला दिव्याच्या मधोमध भिजल्या साबुदाण्यासारखे बुडबुडे उठले आणि एका कडेला तपकिरी डाग पसरला.

तिने बत्ती बंद केली. पायरीवर ठेवली. बोटाने ते बुडबुडे चाचपले.

"हे आमच्यावालं प्लॅस्टिक नाय," ती म्हणाली.

आत शेठ कुणाला तरी वायपर दाखवत होते. विठाने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, मना बुधवारपर्यंत येळ द्या. मी दुसरा दिवा आनतंय. शेठला आत्ता नका सांगू. सांगितलं का मना उठवतील."

कुंदाताई वर्गात चूक लपवणाऱ्या मुलीला जवळ बसवत आणि तिच्याच तोंडून ती वदवून घेत. इथे कोण कुणाला बसवणार? शिवाय जळका दिवा त्यांच्याच गाडीचा होता आणि गुरुवार पाच दिवसांवर.

"बुधवारी सकाळी येते," त्या म्हणाल्या. "मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण शेठने विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

"नका बोलू," विठा म्हणाली.

घरी आल्यावर ताईंनी शोकेसमधलं निरोप समारंभाचं स्मृतिचिन्ह बाहेर काढलं. त्यावरचं नाव आणि तारीख त्यांना पाठ होती. कडेवरून बोट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा फिरवलं. कुठेही खरखर नव्हती. ते कुठल्या कारखान्यातलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी ते जागेवर ठेवलं आणि एजंटला फोन करून सांगितलं की गुरुवारची वेळ बदलू नका.

बुधवारी त्या दहाला पोचल्या तेव्हा विठाच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला एक दिवा होता. अंबरनाथच्या भंगारवाल्याकडे त्या मॉडेलचे सहा दिवे निघाले होते. बाटलीत पाणी नेऊन तिने सहाही दिव्यांवर बोट फिरवलं. चार आतून खराब होते, एकाला तडा होता. उरलेला तिने उचलला आणि दोन दिवस घरी ओट्यावर बसून घासला.

"बत्ती?" ताईंनी विचारलं.

"घरी ठेवली."

शेठ आत गिऱ्हाइकांत असताना समोरच्या मेकॅनिकने जळका दिवा उतरवून भंगारातला बसवला. जळका दिवा विठाने गोणपाटाखाली सरकवला. मग ती गाडीच्या दुसऱ्या दिव्याकडे वळली. तोच क्रम. टेप, पाणी, जाड पेपर, बारीक पेपर. या वेळी मात्र ती सर्वांत बारीक पेपरवर पाऊण तास राहिली. मधूनमधून दिवा पुसायची, कोरडा होऊ द्यायची, वाकून उन्हात तिरका पाहायची आणि पुन्हा घासायची. जिथं कारखान्यात बत्ती एका फेरीत काम करायची, तिथं आता हातालाच ते सगळं करायचं होतं. शेवटी मऊ फडक्यावर पॉलिशची पेस्ट घेऊन गोल हात सुरू केला. बाराच्या सुमाराला दिव्याच्या आतली चांदी दिसली, मग बल्ब, मग बल्बवरची बारीक अक्षरं.

"झालं की," ताई म्हणाल्या.

"अजून नाय. ढालीला इतकं पुरतं. ढाल कपाटात बसते. दिवा उनात बसतो." तिने एक डबी पुढे केली. "शेठनं दिली. घासल्यावर वरचा कंपनीचा थर जातो, तो परत द्यायला लागतो, नायतर दोन-चार म्हयन्यांत पयल्यापरीस पिवळा. पन काय लिवलंय ते इंग्रजीत हाय."

ताईंनी चष्मा लावून डबीवरचं वाचलं आणि मराठीत सांगितलं. दिवा पूर्ण कोरडा हवा. फडकं एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ न्यायचं. लावलेल्या जागी पुन्हा हात फिरवायचा नाही. नंतर काही तास पाणी आणि धूळ लागू द्यायची नाही.

"पुन्हा म्हंजे अजिबात नाय?"

"अजिबात नाही. चुकलं असं वाटलं तरी नाही."

विठाने हात पदराला पुसले. फडकं डावीकडून उजवीकडे नेलं, खाली उतरवलं, पुन्हा डावीकडून उजवीकडे. शेवटच्या पट्ट्याच्या वर केसाएवढी एक रेघ राहिली. तिचा हात तिकडे गेला आणि हवेतच थांबला. मग तिने फडकं बादलीत टाकलं. थोड्या वेळाने ती रेघ आपोआप बसली. दुसऱ्या दिव्याला रेघ राहिलीच नाही.

मुकेशशेठ जेवून आले ते गाडीसमोरच उभे राहिले. दोन्ही दिव्यांकडे आलटून पालटून पाहिलं.

"साईं, ये तो नया दिखता है. मॅडम, खुश? काही तक्रार?"

ताई बोलायच्या आत विठाने गोणपाटाखालून जळका दिवा काढला. त्याच्या कडेच्या स्क्रूच्या भोकात तार ओवली आणि शटरच्या बाजूच्या हुकाला तो टांगला.

"हे काय?"

"बाईंचा पयला दिवा. मी जाळला."

शेठने ताईंकडे पाहिलं.

"खरं आहे," ताई म्हणाल्या. "शनिवारी तिने तो जाळला. मग भंगारातून तसाच दुसरा आणून तयार केला. माझा उजवा दिवाही केला. एक बिघडला, दोन उजळले. मला तक्रार करायची नाही."

शेठने बुडबुड्यांवर अंगठा फिरवला. "एवढा जळला आणि मला चार दिवस पत्ता नाही? आणि लपवायचा सोडून टांगते? गिऱ्हाईक बघेल आणि पळेल."

"इचारतील. मंग सांगीन मी, का आपल्याकडं बत्ती मारत नाय, हातानं घासतो. दुसरा कोन बत्ती घेऊन बसला तर त्यांना समजंल." तिने हुकावरची तार घट्ट पिळली. "आनि मना बी रोज दिसंल."

"आणि मी उठ म्हटलं तर?"

"तर तो दिवा घेऊन उठंन."

आतून कुणी तरी फ्यूज मागितला, तो देऊन शेठ परत आले. मग त्यांनी स्वतःच तो दिवा हुकावरून काढला आणि दुकानाच्या काचेला, नव्या हेडलाइटच्या खोक्यांना लागून टांगला.

"इकडे राहू दे. हे बघून अर्धे लोक नया घेतील."

"आनि अर्धे?"

"अर्धे तुझे. और सुन, गोणी धू, वास येतो."

गुरुवारी गाडी पास झाली. शौनकला ताईंनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं. कुठे केलं काम, असं त्याने विचारलं, तेव्हा त्यांनी पत्ता दिला. पुढच्या खेपेला तो आपलीही गाडी घेऊन गेला. विठाने बोट ओलं करून पाहिलं, दिवा आतून खराब निघाला, आणि तिने त्याला सरळ शेठकडे पाठवलं. तो दुकानात शिरताना शेठ पायरीकडे बघून नुसते हसले.

याला आता तीन वर्षं झाली. विठा त्याच पायरीवर बसते, साडेनऊ ते पाच, सोमवार सोडून. दिवसाला तीन गाड्या घेते, चौथी घेत नाही. जळका दिवा काचेला टांगलेला आहे. बत्ती घरी आहे. तिच्यावर ती वांगी भाजते.