बंद पेटीत टाकलेली नोटीस

संक्रांत: माझ्या बँक कार्डाची मुदत संपली. याला जबाबदार बँक; नवे कार्ड पाठवताना जुन्या कार्डावरच्या वर्गण्या थांबतील, हे तिने कळवले नाही. होळी: ऑनलाइन साठवणुकीची वार्षिक वर्गणी वसूल झाली नाही. अक्षय्य तृतीया: माझ्या ईमेलची आवक बंद केली गेली. नागपंचमी: साठवलेले सर्व काही कायमचे पुसले गेले. या शेवटच्या दोन्हींना जबाबदार साठवणूक कंपनी.

या काळात मी कुठे होतो, असे कोणी विचारील. संक्रांतीच्या आठवड्यात पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला, आणि तिची वाचा गेली. आधी बदलापूरचे इस्पितळ, मग अंबरनाथ पूर्वेचे आमचे घर, एवढेच माझे जग उरले होते.

पत्नी विठ्ठलवाडीत बालवाडी चालवत असे. मुलांना सांगायच्या गोष्टी ती माझ्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवी. फोन भरला, तेव्हा कंपनीनेच सुचवले, "फोनवरील जागा मोकळी करा." मी ते बटण दाबले. मूळ प्रती फोनवरून गेल्या आणि कंपनीच्या ताब्यात राहिल्या.

श्रावणात वाचोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, काकूंचं जुनं बोलणं रेकॉर्ड केलेलं आहे का? स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना शब्द जुळवता येतील."

"आहे की, भरपूर आहे," असे मी अभिमानाने म्हणालो. खाते उघडले. ते रिकामे होते.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधील सिंधी मोबाइल दुकानदाराकडे मी तसाच गेलो. त्याने कंपनीशी लेखी संवाद सुरू करून दिला. उत्तर आले: "आपल्या नोंदणीकृत ईमेलवर पूर्वसूचना पाठवण्यात आली होती." मी विचारले, कधी? ज्येष्ठात आणि आषाढात. म्हणजे आवक बंद केल्यानंतर! ईमेल आणि साठवण यांची जागा एकच. वर्गणी थकल्यामुळे जागा अपुरी ठरली आणि पेटी त्यांनीच बंद केली. होळीनंतर आलेल्या एकमेव संदेशात "आपला अनुभव अधिक चांगला करा" अशी जाहिरात होती. पुसण्याचा शब्द त्यात कुठेही नव्हता.

बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मी दुकानात उभ्या उभ्या त्याला टंकायला लावले. दुकानदार हसला.

"साईं, आप तो कोर्ट में बोल रहे हो. सामने मशीन बैठा है."

"मशीनला मालक असतो ना? त्याला विचारतोय मी."

"मालक मराठी पढ़ेगा?"

"शिकेल. पैसे घेताना अडलं का त्याचं?"

कारखान्यात मी कामगार अधिकारी होतो. महिनोन्महिने गैरहजर राहिलेल्या कामगाराला कमी करण्यापूर्वी आम्ही नोंदणीकृत पत्र पाठवत असू. ते परत आले तर गावच्या पत्त्यावर दुसरे. तेही परत आले तर फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस. यंत्राला टेकून झोपा काढणाऱ्यालाही आपली बाजू मांडता येई. पत्नीच्या आवाजाला तेवढीही संधी मिळाली नाही. वर्गणी थकली तर सेवा थांबवा, दंड आकारा, तो मी भरला असता. पण दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू नष्ट करण्याचा अधिकार कोणत्या कलमाने मिळतो?

घरी येऊन मी हे सारे तावातावाने सांगितले. पत्नीने ऐकून घेतले, डावा हात उचलला आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, "जा... ऊ... दे."

"का जाऊ दे? तुझा आवाज आहे तो!"

तिने मान फिरवली. तिचे डोळे भरले होते. तेव्हा मला कळले की तिलाही ते जाऊ द्यायचे नव्हते.

म्हणून माझी जाहीर मागणी आहे. कंपनीच्या या देशातील प्रमुखाने वृत्तपत्रात, स्वतःच्या सहीने, मराठीत उत्तर द्यावे. स्वतः बंद केलेल्या पेटीत टाकलेल्या कागदाला आपण नोटीस म्हणता काय? आणि त्याहून महत्त्वाचे: आपल्या एखाद्या राखीव यंत्रात त्या गोष्टींची एक तरी प्रत शिल्लक आहे काय? खेद नको, आश्वासन नको. आहे किंवा नाही, एवढे सर्वांसमक्ष सांगा.